स्वयंपाकघरातले विद्यापीठ

श्रोतेहो, शिकण्यासाठी परदेशी जाणे ही आता केवळ शहरातल्या श्रीमंतांच्या घरची गोष्ट राहिलेली नाही. तालुक्याच्या गावांतून, शेतीवर कर्ज काढूनसुद्धा, मुलेमुली जातात. काय शिकायला जातात, तेही बदलले आहे. एके काळी बॅरिस्टरी, डॉक्टरी आणि इंजिनिअरिंग एवढे तीनच शब्द आपल्या कानांवर पडत. आता त्यांत एका नव्या शब्दाची भर पडली आहे. तो शब्द म्हणजे 'सामाजिक उद्योजकता'.

शब्द जड आहे, अर्थ सोपा आहे. गावाची किंवा एखाद्या समाजाची अडचण दूर व्हावी म्हणून जो धंदा उभा करायचा, तो सामाजिक उद्योग. त्यात जमाखर्च असतो, नफाही असावा लागतो. कारण तोट्यातला उद्योग कुणाचेच भले करीत नाही. फरक एवढाच, की इथे नफा हे साधन असते, साध्य वेगळे असते. परदेशातली अनेक विद्यापीठे हा विषय नुसता पुस्तकांतून शिकवीत नाहीत. विद्यार्थ्याला एखाद्या वस्तीत, खेड्यात, कोळीवाड्यात काही महिने पाठवतात. तिथल्या लोकांच्या प्रकल्पात त्याने काम करायचे आणि त्यातून शिकायचे, अशी ही पद्धत आहे.

आमच्या कॉलेजातल्या एका विद्यार्थ्याने असा अभ्यासक्रम निवडला, तेव्हा त्याचे वडील मला भेटायला आले. बिचारे सरळ माणूस. म्हणाले, "सर, समाजाचं काम शिकायला समुद्र कशाला ओलांडायचा? समाज तर हितंच आहे की आपल्या दारात."

प्रश्न अगदी रास्त होता, आणि तो एकट्या त्यांचा नाही. तिकडे जाऊन शिकण्यासारखे नेमके काय आहे, आणि काय तिथेच ठेवून यावे? याचे उत्तर शोधायला आज मी तुम्हांला कॅनडा देशाच्या पूर्व टोकाला नेणार आहे. नोव्हा स्कोशिया नावाच्या प्रांतात अँटिगोनिश हे एक लहानसे गाव आहे. तिथे सेंट फ्रान्सिस झेवियर नावाचे विद्यापीठ आहे. लोकांचा उद्योग लोकांनीच कसा उभारावा हे शिकण्यासाठी या आडगावात पुढे शंभराहून अधिक देशांतून माणसे आली. ती का आली, ते पाहू.

साधारण शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट. या प्रांताच्या किनाऱ्यावर कोळ्यांच्या वस्त्या होत्या. समुद्रात मासळी उदंड, आणि घरात दारिद्र्यही उदंड. असे का? तर जाळी, मीठ, पीठ, कपडालत्ता हे सारे मासळीच्या व्यापाऱ्याकडून उधारीवर यायचे, आणि पकडलेली मासळी त्याच व्यापाऱ्याला, तो म्हणेल त्या भावाने घालायची. वर्षाअखेर हिशेब झाला, की कोळ्याच्या नावावर बाकी निघायचीच. घेणाराही तोच, विकणाराही तोच, आणि वही लिहिणाराही तोच! श्रोतेहो, हा कारभार तुम्हांला मी अधिक समजावून सांगायला नको. गावे वेगळी, माणसे वेगळी, पण या वहीचे वळण सगळीकडे सारखेच असते.

या विद्यापीठात जेम्स टॉम्पकिन्स नावाचे एक पाद्री होते. सगळे त्यांना फादर जिमी म्हणत. हे विद्यापीठाचे मोठे अधिकारी. १९१२ साली लंडनला विद्यापीठांच्या परिषदेला जाऊन आलेले. इंग्लंडात कामगारांसाठी वर्ग चालतात, डेन्मार्कमध्ये शेतकऱ्यांच्या मुलांसाठी लोकविद्यालये आहेत, हे त्यांनी जाणून घेतले होते. आपल्याकडेही तसेच व्हावे, ज्ञान मूठभरांपुरते राहू नये, असे त्यांच्या मनाने घेतले. १९२१ साली त्यांच्या पुढाकाराने अँटिगोनिशला 'लोकशाळा' भरली. हिवाळ्यात शेतीची कामे थंड असतात, तेव्हा सुमारे पन्नास शेतकरी विद्यापीठात येऊन काही आठवडे राहिले आणि शिकून गेले.

उपक्रम चांगला होता. पण तो परदेशी नमुन्यावरच बेतलेला होता. विद्यापीठाने दार उघडायचे आणि लोकांनी आत यायचे. जो घर सोडून येऊ शकतो त्याचे ठीक. पण उधारीत अडकलेला कोळी आठ आठवडे घर सोडून कसा येणार?

पुढे एक वाद झाला. प्रांतातली विद्यापीठे एकत्र करावीत की नाही, यावर फादर जिमींचे वरिष्ठांशी पटले नाही. १९२२ सालच्या अखेरीस त्यांची रवानगी कॅन्सो नावाच्या कोळ्यांच्या गावी झाली. एक प्रकारे शिक्षाच म्हणा. पण खरे शिक्षण या पन्नाशी उलटलेल्या प्राध्यापकाला तिथे मिळाले. ते धक्क्यावर जाऊन बसत, कोळ्यांशी बोलत. कुणाच्या हातात चोपडी ठेवत, कुणाला प्रश्न विचारत. तुझी मासळी कुठं जाते? तिथं काय भावानं विकली जाते? मधल्या पैशाचं काय होतं? उत्तर ते देत नसत. प्रश्न विचारून पुढे जात आणि दुसऱ्या दिवशी उत्तर विचारायला पुन्हा येत.

१ जुलै १९२७ रोजी कॅनडाच्या राज्यसंघाला साठ वर्षे झाली. देशभर उत्सव चालला होता. कॅन्सोचे कोळी मात्र सभेला जमले आणि म्हणाले, आम्ही उत्सव कशाचा करायचा? हे गाऱ्हाणे वर्तमानपत्रांत गेले, आणि सरकारला मासेमारीच्या चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. आयोगापुढे साक्ष देणाऱ्यांत याच विद्यापीठातले एक प्राध्यापक होते, मोझेस कोडी. हे फादर जिमींचे नात्यातले आणि त्यांच्याच तालमीत वाढलेले. कोळ्यांना संघटित करा, त्यांचे शिक्षण करा, असे त्यांनी आग्रहाने सांगितले. १९२८ साली विद्यापीठाने 'विस्तार विभाग' काढायचे ठरवले आणि कोडी त्याचे प्रमुख झाले. विस्तार याचा अर्थ, विद्यापीठाने आता भिंतीबाहेर पडायचे.

कोडींची पद्धत कशी होती ते मी जरा सावकाश सांगतो, कारण शिक्षक मंडळींना त्यात रस वाटेल.

पहिल्यांदा गावात एक मोठी सभा होई. कोडी धिप्पाड गृहस्थ होते आणि बोलतही तसेच. पण सभा झाली म्हणजे काम झाले, असे ते मानीत नसत. सभा संपण्यापूर्वी गावातल्या लोकांचे लहान लहान गट पाडले जात. आठ-दहा शेजारी, त्यांच्यातलाच एक जण चालक. या गटांना 'अभ्यासमंडळ' म्हणत. मंडळ आठवड्यातून एकदा कुणाच्या तरी स्वयंपाकघरात भरे, कारण त्या थंड मुलखात घरातली ऊबदार जागा तेवढीच. विद्यापीठातून चोपड्या येत. ज्याला वाचता येई तो मोठ्याने वाची, बाकीचे ऐकत, मग चर्चा चाले. चर्चेचा विषय आकाशातला नसे. आपल्या गावाचा पैसा कुठून येतो, कुठे जातो, आणि तो थोडा तरी थांबवायचा तर काय करता येईल, एवढाच विषय.

कोडींचे म्हणणे असे, की प्रौढ माणसाच्या शिक्षणाचा श्रीगणेशा त्याच्या पोटापाण्यापासून झाला पाहिजे. तिथेच कायमचा थांबता मात्र कामा नये. आधी भाकरीचा प्रश्न, मग ग्रंथालय, मग संगीत, सगळे काही. पण वाट भाकरीवरून जाते.

यातून काय झाले? कॅन्सोजवळ लिटल डोव्हर नावाची वस्ती आहे. नुसता खडक. गाईला चारा नाही, त्यामुळे मुलांना दूध नाही. फादर जिमींनी तिथे शेळ्या आणवल्या. मोठमोठ्या योजना बाजूला ठेवून खडकावर जगू शकेल असे दुधाचे जनावर शोधले, एवढेच. मग तिथल्या लोकांनी एक हिवाळाभर शेवंडीच्या धंद्याचा अभ्यास केला. आपल्या कोकणच्या किनाऱ्यावर जिला शेवंड म्हणतात, तिचीच ती मोठ्या नांग्यांची चुलतबहीण. ती डब्यात भरून विकली तर चांगला पैसा येतो. पण कारखाना व्यापाऱ्याचा. तेव्हा यांनी रानातून लाकडे तोडून आणली आणि आपल्या हातांनी स्वतःचा कारखाना उभा केला. आधी अभ्यास, मग कुऱ्हाड, मग कारखाना. हा क्रम लक्षात ठेवा.

तीसच्या दशकाच्या अखेरीस त्या भागात दोन हजारांहून अधिक अभ्यासमंडळे होती. त्यांतून पतपेढ्या निघाल्या, सहकारी दुकाने निघाली, मासळीचे कारखाने निघाले.

आता एका पाहुण्या बाईंची गोष्ट सांगतो. मेरी अर्नोल्ड या अमेरिकन बाई. न्यूयॉर्कमध्ये सहकारी घरे आणि उपाहारगृहे चालवण्याचा त्यांना दांडगा अनुभव होता. ही चळवळ बघायला १९३७ साली त्या आल्या आणि रिझर्व्ह माइन्स या कोळसाखाणीच्या गावी राहिल्या. फादर जिमी तोवर त्या गावी बदलून आले होते. खाणकामगारांची घरे कंपनीची आणि मोडकळीला आलेली. आपली घरे आपण बांधता येतील का, याचा अभ्यास अकरा कुटुंबांचे एक मंडळ करीत होते. बाईंना घरे बांधण्याची सगळी माहिती होती. त्यांनी नकाशा काढून हातात दिला असता तर वेळ वाचला असता. पण तसे झाले नाही. खाणकामगार व्याजाचे गणित शिकले, कर वाचायला शिकले, जमिनीचे कायदे समजून घेतले. प्रत्येक कुटुंबाने पुठ्ठ्याचे छोटे घर करून पाहिले. खिडकी कुठे, चूल कुठे, जिना कुठे, यावर वाद घातले. मग सरकारी गृहमंडळाचे दीर्घ मुदतीचे कर्ज आणि स्वतःचे श्रम यांतून १९३८ साली ती अकरा घरे उभी राहिली. वस्तीला त्यांनी नाव दिले टॉम्पकिन्सव्हिल. पाहुणीचे ज्ञान कामाला आले, पण ते लोकांच्या अभ्यासाच्या मागून आले, पुढून नाही.

मित्रहो, कोडी १९५९ साली वारले. त्याच वर्षी त्यांच्या नावाची आंतरराष्ट्रीय संस्था त्या विद्यापीठात सुरू झाली, आणि आशिया, आफ्रिका, दक्षिण अमेरिकेतून कार्यकर्ते तिथे शिकायला जाऊ लागले. आपल्या गुजरातमधल्या कष्टकरी बायकांच्या 'सेवा' या संघटनेशीही या संस्थेने मिळून काम केले आहे.

या संस्थेने वापरात आणलेले एक साधन मला फार आवडते. त्याचे नाव 'गळकी बादली'. गावकऱ्यांनी जमिनीवर किंवा कागदावर एक मोठी बादली काढायची. वरून गावात पैसा येतो त्या धारा दाखवायच्या: पीक, दूध, मजुरी, नोकरदारांची मनीऑर्डर. मग बादलीला भोके पाडायची: खत, बियाणे, डिझेल, दवाखाना, लग्ने, तंबाखू, व्याज. ज्या भोकातून जास्त पैसा गळतो ते मोठे काढायचे. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर चित्र तयार झाले, की एकच प्रश्न विचारायचा: यातले कोणते भोक आपण आपल्या हातांनी बुजवू शकतो? उद्योग काय काढायचा, हे त्या भोकातून कळते. ते परदेशातून कुणी सांगावे लागत नाही.

कॅनडाच्या या पद्धतीचे आणि आपल्या मुलखाचे एक जुने नाते आहे, आणि ते रेडिओतूनच आलेले आहे. कॅनडात १९४१ पासून १९६५ पर्यंत शेतकऱ्यांसाठी रेडिओची सभामंडळे चालत. शेजारी एका घरात जमत, कार्यक्रम ऐकत, चर्चा करीत आणि आपले मत लिहून केंद्राकडे पाठवीत. वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा, हे त्यांचे घोषवाक्य होते. तोच धागा धरून १९५६ साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने एक प्रयोग केला. पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत श्रोतृमंडळे स्थापन झाली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे वीस कार्यक्रम झाले. ऐकायचे, रेडिओ बंद करायचा आणि बोलायला लागायचे. निर्माण झालेल्या शंका पत्राने केंद्राकडे जात आणि त्यांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमात येत.

मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाची तपासणी केली. श्रोतृमंडळ असलेल्या गावांतल्या लोकांचे ज्ञान लक्षणीय वाढलेले दिसले. जिथे नुसता रेडिओ होता, मंडळ नव्हते, तिथे फारसा फरक पडलेला नव्हता. म्हणजे बघा, यंत्र तेच, कार्यक्रम तोच, निवेदकाचा गोड आवाजही तोच. फरक पडला तो ऐकून झाल्यावर एकत्र बसून बोलण्याने! मी आज इथे बोलतो आहे, माझ्या बोलण्यालाही हाच नियम लागू आहे.

आता उलट बाजूचे एक उदाहरण देतो, म्हणजे चित्र पुरे होईल. दक्षिण आफ्रिकेत एक पंप निघाला. त्याच्यावर मुलांचे गोल फिरणारे चक्र बसवलेले. मुले खेळतील, चक्र फिरेल, पाणी वर चढेल. ऐकायला किती छान! बक्षिसे मिळाली, आणि २००६ साली अमेरिकेतून कोट्यवधी डॉलरचे पाठबळ मिळाले. हजारो पंप बसवायचे ठरले. पुढे काय झाले? मुलांना कंटाळा आला. मुले शाळेत गेली, की ते अवजड चक्र बायांना फिरवावे लागे, आणि त्यात त्यांना अवघडल्यासारखे होई. कित्येक ठिकाणी चालता हातपंप काढून हा बसवला होता. नादुरुस्त झाला, तर दुरुस्त करणारा गावात नाही. २००९ साली 'गार्डियन' या इंग्रजी वृत्तपत्राने हिशेब मांडला, की ठरल्याप्रमाणे अडीच हजार माणसांना एका पंपाने पाणी द्यायचे, तर मुलांना रोज सत्तावीस तास खेळावे लागेल. वर्षभरात ती मोहीम गुंडाळली गेली.

या मंडळींचा हेतू वाईट नव्हता. त्यांच्याकडे पैसा होता, कल्पकता होती, तळमळही होती. फक्त पाणी भरणाऱ्या बाईला आधी कुणी विचारले नव्हते, "बाई, तुला हा पंप हवाय का?" लिटल डोव्हरची शेळी आणि हा पंप शेजारी शेजारी ठेवून बघा. मला वाटते, हा विषय शिकायला निघालेल्या मुलाला याहून चांगला पहिला धडा मिळणार नाही.

म्हणून परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या तरुणांना माझे सांगणे असे आहे. अभ्यासक्रम निवडताना विद्यापीठाच्या इमारतीचे फोटो बघू नका. तीन गोष्टी विचारा. ज्या वस्तीत तुम्हांला पाठवणार, त्या वस्तीने हा प्रकल्प मागितला आहे का? तुम्ही तिथून निघाल्यावर तो कोण चालवणार? आणि तुमच्या कामाला गुण देताना त्या वस्तीचे मत घेतात का? या प्रश्नांना नीट उत्तरे मिळत नसतील, तर तिथे तुमची सहल होईल आणि त्या लोकांची तारांबळ होईल. चार आठवड्यांत शाळेची भिंत बांधून फोटो काढणे, हे शिक्षण नव्हे. गवंडी त्या गावातही असतात.

आणि गेलात, तर तिथला उद्योग उचलून आणू नका. शेवंडीचा कारखाना माणदेशात काय कामाचा? अभ्यासमंडळ आणा, गळकी बादली आणा, प्रश्न विचारून गप्प बसण्याची ती सवय आणा. परक्या मुलखात गेल्यावर माणसाला ही सवय लवकर लागते, कारण तिथे आपल्याला काही ठाऊक नसते आणि ते आपण मानतोही. आपल्या गावात मात्र सगळे ठाऊक आहे असे वाटते, आणि विचारायचे राहून जाते. त्या वडिलांना मी हेच सांगितले. म्हटले, समाज दारात आहे हे खरे; पण दारातला समाज दिसायला कधी कधी थोडे लांब जावे लागते. आणि ज्याला ते इथेच दिसते, त्याने कर्ज काढून जायचे काही कारण नाही.

कुणी म्हणेल, त्या कॅनडाच्या संस्था आज कुठे आहेत? रास्त आहे. त्यांतल्या कितीतरी बुडाल्या. कोळ्यांचा जो मोठा सहकारी संघ १९३० साली उभा राहिला होता, तोही पुढे टिकला नाही. अभ्यासमंडळे थांबली आणि नुसते दुकान उरले, तिथे सभासद गिऱ्हाईक झाला. आपल्याकडच्या सहकारी सोसायट्यांच्या वार्षिक सभांना किती जण जातात आणि किती जण नुसती सही करतात, याचा विचार प्रत्येकाने आपल्यापुरता करावा. पतपेढ्यांची परंपरा मात्र तिकडे टिकून राहिली. जिथे सभासदाने हिशेब विचारणे सोडले नाही, तिथे संस्था तगते.

शिक्षक बंधुभगिनींनो, तुम्हांला तर कुठेच जायला नको. आठवी-नववीच्या मुलांना एक काम सांगा. आपल्या गावचा एक पोते कांदा घ्या आणि त्याच्या मागोमाग जा. शेतात काय भाव मिळाला, हमाली किती, तोलाई किती, आडत किती, गाडीभाडे किती, आणि मुंबईच्या गिऱ्हाईकाने शेवटी काय मोजले? महिनाभर मुलांना विचारत फिरू द्या. उत्तरे फळ्यावर मांडा आणि त्या दिवशी पालकांना शाळेत बोलवा. तुम्ही उपाय सांगू नका. शंभर वर्षांपूर्वी कॅन्सोच्या धक्क्यावर एक म्हातारा प्राध्यापक हेच करीत होता.

आणि शेतकरी मित्रांनो, आता हा कार्यक्रम संपेल. लगेच उठू नका. शेजारी चार माणसे बसली असतील तर तिथेच, अंगणात, काठीने मातीत एक बादली काढा. मायबहिणींनाही बोलवा, कारण घरातली निम्मी भोके त्यांनाच ठाऊक असतात. पैसा कुठून येतो ते काढा, कुठून जातो ते काढा. आणि सगळ्यांत मोठे भोक कोणते निघाले, ते आम्हांला पत्राने जरूर कळवा.